चालत्या पाण्याचा नमुना

श्रीकांत,

तुझ्या भावाचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, गुरुवारी दशक्रिया हाय. नदीवर चार लोक बोलतील, तुम्ही पण दोन शब्द बोला. तुम्ही तर इतकी वर्षं संगं काम केलंय." हो म्हणाले. नाही कसं म्हणणार? मग कागद घेऊन बसले, 'मनमिळाऊ स्वभावाचे' एवढं लिहिलं आणि खोडलं. तू आणि मनमिळाऊ! तुला ओळखणारी माणसं खुदकन हसतील, आणि दशक्रियेला हसलेलं बरं दिसत नाही.

तेव्हा तिथे काय बोलायचं ते बघू नंतर. आधी तुझ्याशी बोलून घेते. मंगळवारचं आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू नेहमीसारखा मधेच उठून गेलास, आणि मी नेहमीसारखं धरून चालले की उद्या सकाळी येशील, खुर्ची ओढशील आणि जिथे थांबलो तिथून पुढे सुरू करशील. बुधवारी सकाळी मी देवळ्याला, तुझ्या गावच्या घराच्या दारात उभी होते आणि तू आत आडवा होतास. संतापले मी, खरं सांगते. रडू नंतर आलं.

आपण नेमकं काय करतो हे तुझ्या आईला अजून कळलेलं नाही. ओट्यावर बसलेल्या बायकांना ती सांगत होती, "माझा शिरकांत डॉक्टरलोकांची मशिनं नीट करायचा, अन् कारखान्यात जंतू पाळायचा." बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघत राहिल्या. पण याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं. बायोइंजिनियर म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे डॉक्टर की इंजिनियर? तू सांगायचास, "दोघांचं भांडण सोडवणारा." वाइनवाल्यांच्या टाकीत यीस्ट रुसलं की तुला बोलावणं. कारखान्याच्या सांडपाण्यात जिवाणू सोडायचे तर तू. दवाखान्यातलं डायलिसिसचं मशिन उगाच बोंबलायला लागलं तरी तूच. इंदिरानगरच्या आपल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये सकाळी पाऊल टाकल्या टाकल्या तू आधी जिवाणूंच्या कल्चरच्या बाटल्यांपाशी जायचास. "मंडळी जेवली का?" हा पहिला प्रश्न. मी चहा घेतला का हे कधी विचारलं नाहीस, मेल्या.

लासलगावकडचा तो कांदा वाळवण्याचा कारखाना आठवतोय ना? त्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारची. मॅनेजरनं सोमवारी सकाळी आपल्याला बोलावलं, कारखाना सुरू व्हायच्या आत. दीड दिवस निवांत बसून टाकीतलं पाणी नितळ झालेलं. नमुन्याची बाटली भरून तयार, शेजारी चहा-बिस्किटं. तू चहाला हात लावला नाहीस. "साहेब, झोपलेला माणूस शिव्या देतो का? त्याला कामावर असताना बघायचं. पाणी कामावर आलं की नमुना घेतो," म्हणालास आणि गेटवर जाऊन बसलास. दुपारी मशिनं पुरी सुरू झाल्यावर नमुना घेतला. तेच पाणी, पण बाटली उघडताच मॅनेजरनं नाक धरलं. त्या पाण्यावर तू सात-आठ महिने घालवलेस. खाली ओढा होता, ओढ्याला लागून विहिरी होत्या. शेवटी तुझ्या मंडळींनी ते पाणी माणसात आणलं.

हा किस्सा मी किती जणांना ऐकवला असेल! कॉलेजातली पोरं ट्रेनिंगला आली की हाच. नमुना पाण्याच्या सोयीनं घ्यायचा नाही, कामाच्या वेळी घ्यायचा. आणि एवढं सगळं तोंडपाठ असलेली मी, दवाखान्यासाठी कागद लिहायला बसले तेव्हा नेमकं उलटं लिहून मोकळी झाले.

तुला माहीत आहे सगळं. तरी सांगते, कारण हे मला एकदा सरळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचंय.

डायलिसिसला एका माणसासाठी शंभराच्या वर लिटर पाणी लागतं. रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपण पितो, काही होत नाही. पण ते पडद्यापलीकडून रक्तात उतरलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कोळशाच्या टाकीतून न्यायचं, कोळसा क्लोरीन धरून ठेवतो. कोळसा जुना झाला की धरत नाही. म्हणून रोज तपासायचं. थेंबभर औषध टाकायचं, पाणी गुलाबी झालं तर मशिनं बंद.

यात एक मेख आहे. रात्रभर पाणी कोळशातच उभं असतं. थकलेला कोळसासुद्धा तेवढ्या वेळात ते साफ करून ठेवतो. सकाळी यंत्रणा सुरू करताच नमुना घेतला तर तो साफच येणार. खरं काय ते पंधरा-वीस मिनिटं पाणी धावल्यावर कळतं. हे मला माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

दवाखान्याचं ते डायलिसिस केंद्र नवीन होतं तेव्हा पहिली शिफ्ट सकाळी सहाची. लांबून येणारे लोक, निफाड, लासलगाव, दिंडोरी. वीस मिनिटं उशीर म्हणजे दुपारची एसटी चुकायची. टेक्निशियन रेखा म्हणायची, "मॅडम, लोक दारात येऊन बसतात हो, ओरडतात माझ्यावर." पाणी तपासायच्या कागदात मी लिहून टाकलं, 'यंत्रणा सुरू करताच नमुना घ्यावा.' तू वाचलंस आणि म्हणालास, "पंधरा मिनिटं चालू दे की पाणी." मी म्हटलं, "कोळसा नवा आहे, आपण वेळच्या वेळी बदलतो, उगाच आजाऱ्यांना ताटकळत कशाला ठेवायचं? तुझं ना, प्रत्येक गोष्टीत टोकाचं असतं." तू अर्धा तास वाद घातलास. मी एक तास घातला. शेवटी तू वैतागून सही केलीस. आयुष्यात कधी नव्हे तो माझ्यापुढे हरलास, आणि हरायला हीच वेळ सापडली तुला.

मग मंगळवार. तू दुसऱ्याच मशिनच्या दुरुस्तीला तिथे गेला होतास. दहा वाजता, ऐन शिफ्टमध्ये, सवयीनं नमुना घेतलास. एकच्या सुमाराला लॅबमध्ये आलास आणि ती काचेची कुपी माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलीस. गुलाबी. फिकट नाही, चांगली गुलाबी. यंदा पाणी गढूळ येत होतं, म्हणून नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त पडत होतं आणि कोळसा मुदतीच्या आधीच दमला होता. मला एका नजरेत सगळं कळलं. आणि तरी माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं? "औषध जुनं असेल तुझं."

"मीना, दोन महिन्यांपूर्वीचं आहे."

"मग उद्या पुन्हा घेऊन बघू."

"उद्या सकाळी सहाला बारा माणसं जोडली जातील या पाण्याला."

"आणि आज बोंब मारलीस, घाबरून लोक डायलिसिसलाच आले नाहीत, तर? ती कशानं मरतील? शहानिशा नको का करायला?"

माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एक पाळी चुकली तरी जिवावर बेतू शकतं. पण मी त्यांच्यासाठी बोलत नव्हते. आपल्या दोन खोल्या, दोन पोरींचे पगार, तीन केंद्रांची कामं, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे भराभर फिरलं होतं. तू बॅग उचललीस. मी ओरडले, "जा, जा! सांग सगळ्या गावाला, आणि लॅबला टाळं ठोक!" तू दारातून एवढंच म्हणालास, "संध्याकाळी बोलू." देवळ्याच्या गाडीत बसलास. पाचला भावाच्या ओसरीवर चहा मागितलास, आणि चहा येईपर्यंत गेलास.

'जा' म्हणाले मी तुला. हेच शेवटचं.

बुधवार गेला. गुरुवार आला. सांगायला हवं होतं मी, एक फोनच तर करायचा होता. नाही केला. कुणी विचारलं तर सुतक चाललंय म्हणता आलं असतं, पण तू माझ्या भावकीतला नाहीस, मला कसलं सुतक? भ्याले, श्रीकांत. सरळ भ्याले. मनाला सांगत राहिले, आणखी एकदा तपासल्याशिवाय बोलायचं नाही. आणि तपासायलाही गेले नाही.

गुरुवारी दुपारी कुसुमताई आली. डायलिसिस उरकून, हातात प्लॅस्टिकची पिशवी, रिक्षा करून लॅबपर्यंत. "साहेब गेले म्हणं? मला रेखानं सांगितलं." खुर्चीत बसली ती धापा टाकतच. "माझ्या मशिनवर हात फिरवायचे अन् म्हणायचे, कुसुमताई, आज मशिन खुशीत हाय, बिनघोर झोपा." डोळे पुसले तिनं. तिचे ओठ बघितले मी. रंगच नव्हता त्यांना.

"तब्येत कशी आहे?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"अंगात रक्तच धरत नाय बघा. चार महिने झाले. सुया टोचल्या, दोनदा रक्ताच्या पिशव्या लावल्या, तरी तेच. सून नीट खाऊ घालत नाय, दुसरं काय! डॉक्टरांनी हे वर्ज्य, ते वर्ज्य सांगितलंय, त्याचंच निमित्त करती. कोरडी भाकर टाकती पुढ्यात. मी तिच्या भावाला बोलावून सांगितलं, तुझी बहीण मला उपाशी मारती म्हणून. चारचौघांत सांगितलं."

मी तिला अर्धा कप चहा दिला. तिला त्याहून जास्त चालत नाही. त्या दिवशी सकाळीसुद्धा ती चार तास त्याच पाण्याला जोडलेली होती, हे मला माहीत होतं, आणि मी तिला रिक्षापर्यंत सोडून आले.

शनिवारी मात्र राहवलं नाही. साडेपाचला केंद्रावर गेले. रेखानं यंत्रणा सुरू केली, कागदाप्रमाणे लगेच नमुना घेतला. पाणी स्वच्छ. "बघा मॅडम, रोज असंच येतं," ती म्हणाली. चेहरा उजळला होता बिचारीचा. मी म्हटलं, "आता पाणी धावू दे. कुणालाही जोडायचं नाही."

बाहेर बाकांवर सगळे आपापल्या पिशव्या घेऊन बसलेले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एक म्हातारे गृहस्थ घड्याळ दाखवून म्हणाले, "काय चाललंय हो तुमचं? एसटी चुकंल ना." कुसुमताई दारातून डोकावली, "बाई, लई वेळ हाय का?" नमुन्याची कुपी मी रेखाला धरायला सांगितली. औषधाचा थेंब मी टाकला. पाण्यात पडल्या पडल्या गुलाबी धागा खाली उतरला आणि बघता बघता कुपीभर पसरला. रेखा माझ्याकडे बघत राहिली. तिला काही सांगावं लागलं नाही.

केंद्राचे डॉक्टर धावत आले. माणूस वाईट नाही, हे तूही मान्य करशील. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी दुसऱ्या दवाखान्याशी बोलून सगळ्यांची दिवसभराची सोय लावली, कोळसा बदलायचं काम लावून दिलं. मीही बाकीच्या दोन केंद्रांना फोन केले. तिथलं चालतं पाणी साफ निघालं, नशीब आपलं. मग डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि मोबाइल पुढे केला.

तुझा मेसेज. मंगळवारी दुपारचा, बसमधून टाकलेला. 'पाणी तपासायच्या कागदात चूक आहे. चूक माझी. मीनाचा संबंध नाही. पोचलो की फोन करतो.'

तो फोन कधी झालाच नाही. डॉक्टर म्हणाले, "मी बुधवारी अन् गुरुवारी, दोन्ही सकाळी रेखाला नीट टेस्ट करायला लावली हो. दोन्ही वेळा साफ. मला वाटलं, साहेबांचा काहीतरी गैरसमज झाला असेल." दोन्ही वेळा सुरू करताच घेतली होती ना! माझ्याच कागदाप्रमाणे.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, कागदावर सही साहेबांची. मेसेज साहेबांचा. ते तर गेले. त्यांना आता काय फरक पडतो? तुमची लॅब चालली पाहिजे, माझं केंद्र चाललं पाहिजे. या लोकांना जायचं तरी कुठे?"

ते बाहेर गेले आणि लोकांना सांगून आले, "आपले जे साहेब वारले, त्यांच्याकडून तपासणीच्या कागदात चूक राहिली होती. आता दुरुस्त केली आहे." मी भिंतीला टेकून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, गेल्या माणसाला काय बोलायचं." आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हो, उतरलं. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. तू मला वाचवलंस, मी वाचले, संपलं, असं.

जन्मात खोटं बोलला नाहीस तू. त्या कारखान्याच्या मॅनेजरसाठी नाही, डॉक्टरांसाठी नाही, कुणासाठीच नाही. आणि पहिल्यांदा बोललास ते माझ्यासाठी, मी 'जा' म्हणून ओरडल्यावर तासा-दोन तासांत. कशाला रे? कुणी सांगितलं होतं तुला?

कुसुमताईला मी माझ्याच गाडीतून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. चार तास बाहेर बसले. मग तिला घरी सोडायला निघाले. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "बाई, ते पाण्यानं रक्त जात व्हतं, हे खरंय ना?" मी म्हटलं, "खरंय." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मंग तुम्ही घरी चला. सुनेला तुम्ही सांगा. मी काय काय बोलले तिला... माझ्या तोंडून तिला पटायचं नाय."

लासलगावच्या अलीकडे त्यांचं घर. अंगणात कांदा पसरलेला, सून खाली बसून बारका-मोठा वेगळा करत होती. आम्हाला बघून उठली, हात धुतले, मला खुर्ची दिली, पेलाभर पाणी आणून पुढे ठेवलं. सासूकडे मात्र बघितलं नाही. कुसुमताई उभ्या उभ्याच म्हणाली, "पोरी, माझं चुकलं." आणि रडायलाच लागली. मग मी सांगितलं. कोळसा, पाणी, क्लोरीन, रक्त, तपासणीचा चुकीचा कागद. जेवढं सोपं करता येईल तेवढं. तुमच्या हातच्या जेवणाचा काही दोष नव्हता, म्हटलं.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "कागद कोणी लिव्हला व्हता?"

मी उत्तर द्यायच्या आत कुसुमताई म्हणाली, "एक साहेब व्हते. वारले मंगळवारी."

"वारले," सून म्हणाली. "बरंय. ते सुटले. चार महिने मी घासभर जेवले नाय सुखानं. माझा भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झाला. नवऱ्यानं हात उगारला. अन् तो माणूस कागद लिहून सुटला. असल्या माणसाला वर तरी जागा मिळंल का?"

तू येत्या गुरुवारी नदीवर माझ्याकडून दोन शब्दांची वाट बघतोयस. तिथे मी काय बोलायचं ते त्या अंगणातच ठरलं. तुझं काम काय होतं ते सांगीन, आणि तुझा शेवटचा मेसेज खोटा होता हेही सांगीन, डॉक्टरांसमोर, तुझ्या आईसमोर. रागाव मग. मला तुझ्या रागाची सवय आहे.

पण तिथे, त्या बाईसमोर, एवढं लांबलचक काही सुचलं नाही. मी म्हटलं, "ताई, त्याला बोलू नका. त्यानं मला अडवलं होतं. कागद मी लिहिला. तो गेल्यावर चार दिवस गप्प बसले, तीही मीच."

तिनं माझ्याकडे बघितलं. कुसुमताईनंही बघितलं, आणि तिचं रडणं थांबलं. मग सून वाकली, माझ्यासमोरचा भरलेला पेला उचलला आणि आत घेऊन गेली.